संस्कार दुकानातही घडतात

आमच्या बमरोलीच्या दुकानात रात्री 'दुकान बंद करा' असे कोणी म्हणत नाही. 'दुकान वाढवा' असेच म्हणतात. 'बंद' हा शब्द व्यापाऱ्याच्या तोंडी अशुभ, म्हणून पूर्वजांनी त्याच्या जागी वृद्धीचा शब्द योजिला. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणावयाचे, हीही चाल आम्ही वडिलांच्या तोंडून उचलली. आता मापे गेली, विजेचे काटे आले. तरी गाडीतून पोती उतरविताना पहिल्या पोत्याला आमच्याकडे 'लाभ'च म्हणतात, आणि आमचा नऊ वर्षांचा नातू अंगणात गोट्या मोजतो तोही 'लाभ, दोन, तीन' असाच मोजतो. शाळेत त्याला 'एक' शिकविले. 'लाभ' त्याला कोणीच शिकविला नाही. तो दुकानाच्या पायरीवर बसत असे, तेवढेच.

न शिकविता शिकलेल्या अशा गोष्टींनी माणसाचे आयुष्य किती भरलेले असते आणि त्याची जबाबदारी कोणावर येते, याविषयी प्रस्तुत लेखात चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मानसशास्त्राचे जे थोडे पुढे येईल, ते महाविद्यालयात हा विषय घेतलेल्या आमच्या थोरल्या नातीने वाचून दाखविलेले आहे. बाकीचे चाळीस वर्षांच्या धान्यव्यापारात आम्ही पाहिलेले आहे. सभासद बंधुभगिनींनी ते त्याच भावनेने वाचावे, ही विनंती.

धान्य सांगते माणसाचे गाव

बमरोली हा पांडेसरा औद्योगिक वसाहतीचा शेजार. माग आणि रंगाई-छपाईचे कारखाने यांच्या ओढीने येथे अनेक मुलखांची माणसे आली. आम्ही खानदेशातून आलो, तशीच धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे आली. ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून आली, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आली. सुरत महानगरपालिका गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालविते, यावरून या शहराच्या वस्तीची कल्पना यावी.

आमच्याकडून माल नेणाऱ्या किरकोळ दुकानदाराची यादी पाहिली की त्याचे गिऱ्हाईक कोणत्या मुलखाचे, हे न विचारता कळते. दादर ज्वारी, बाजरी आणि कळण्याच्या भाकरीसाठी उडीद मागितले, तर त्याच्या गल्लीत खानदेशी बिऱ्हाडे आहेत. उकडा तांदूळ मागितला, तर उडिया कामगारांच्या खानावळी आहेत. गहू आणि सत्तूसाठी हरभरा मागितला, तर बिहारकडील मंडळी आहेत. भूक सर्वांची एक, जीभही निसर्गाने सर्वांना सारखीच दिली. परंतु ज्या भाकरीवाचून एकाला जेवल्यासारखे वाटत नाही, ती दुसऱ्याच्या घशाखाली उतरत नाही. आपली रुची आपल्याला उपजत वाटते. खरे पाहता ती आईच्या चुलीपाशी बसून घेतलेली शिकवण असते.

ती शिकवण बदलते, हेही याच यादीत दिसते. खानदेशातून आलेल्या जोडप्यांची मुले येथेच जन्मली, येथेच वाढली. त्यांचे संसार सुरू झाले तसे दादरीचे पोते कमी झाले, गहू वाढला आणि वरणात गुळाचा खडा पडू लागला. कोणी आज्ञा केली नव्हती. शेजारच्या घरातून फोडणीचा वास येत होता, शाळेत सोबत्याचा डबा उघडत होता. आज त्यांना विचारले, तर 'आम्हांला असेच आवडते' एवढेच उत्तर मिळते.

आपल्या घरांचेच पाहावे. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची रीत आहे, तेथील मुले रात्री नऊ वाजता भूक भूक करीत नाहीत. शेजारच्या घरातील त्याच वयाची मुले त्या वेळी ताटाची वाट पाहत असतात. म्हणजे रीत वागणुकीत उतरते, त्याचप्रमाणे ती पोटातही उतरते.

डोळा आणि लाज

हे घडते कसे? आमच्या अल्पमतीप्रमाणे दोन वाटांनी. एक वाट डोळ्याची आणि दुसरी लाजेची.

डोळ्याच्या वाटेविषयी अमेरिकेतील अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाचा 1961 सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी 72 लहान मुले घेतली. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला मारले, झोडपले, अपशब्द वापरले. काही मुलांसमोर मोठा माणूस शांतपणे खेळत बसला. उरलेल्या मुलांनी असे काहीच पाहिले नाही. पुढे मुलांना खेळण्यांच्या खोलीत सोडले, तेव्हा ज्यांनी मारहाण पाहिली होती त्यांनी बाहुल्याला तसेच मारले, आणि शब्दही तेच वापरले. 'असे कर' असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मोठ्या माणसाने केले, एवढे त्यांना पुरले.

लाजेच्या वाटेविषयी सॉलोमन ॲश यांनी 1951 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. कागदावर एक रेघ दाखवावयाची आणि तिच्याएवढी रेघ शेजारच्या तिघींतून ओळखावयाची, इतके सोपे काम. पण बसलेल्या मंडळींत एकच मनुष्य खरा. बाकीचे आधी ठरवून आलेले. ते सर्व एकमुखाने चुकीची रेघ सांगत. त्या एका माणसाला आपल्या डोळ्यांनी खरे दिसत असे. तरीही प्रयोगात बसलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक निदान एकदा तरी जमावाबरोबर चुकीचे बोलले. एकटे असताना याच कामात कोणी क्वचितच चुके. या प्रयोगातील दुसरा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटला. जमावातील एकाच माणसाने खरे उत्तर देण्यास आरंभ केला, की त्या बिचाऱ्याला धीर येई आणि चुकीचे बोलणे फारच कमी होई. केवळ एक सोबती पुरे होई.

आमच्याच दुकानातील गोष्ट

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो सांगतो. त्यात दोष आमचाच आहे.

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत नातू घरात दुकान-दुकान खेळत होता. त्याने आम्हांस गिऱ्हाईक केले. आम्ही गहू मागितला. त्याने एक वाटी भरून दिली. वर स्वच्छ, टपोरा गहू. आम्ही कौतुकाने ती वाटी ताटात ओतली, तो खाली सगळे खडे. 'अरे, हे काय?' असे विचारता तो निरागसपणे म्हणाला, 'आजोबा, वर चांगले ठेवायचे असते ना! आपल्या दुकानात तसेच असते.'

आमच्या दुकानात उघडी पोती मांडलेली असत, आणि प्रत्येक पोत्याच्या तोंडाशी एक थर निवडक दाण्याचा असे. खालचा माल वाईट नसे, पण वरच्याइतका चांगलाही नसे. असे का करता, असे कोणी विचारले असते तर आम्ही म्हटले असते की सगळेच करतात, आणि घेणाऱ्यालाही ते ठाऊक असते. वर्षानुवर्षे आम्ही स्वतःला हेच सांगत आलो होतो. नातवाला आम्ही रोज रात्री खरे बोलण्याच्या गोष्टी सांगत होतो. त्या त्याने कानांनी ऐकल्या. दुकान त्याने डोळ्यांनी पाहिले.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत एक खोट्या वजनमापाचा आहे आणि एक 'प्रतिरूपक व्यवहारा'चा, म्हणजे भारी मालाच्या जागी तसाच दिसणारा हलका माल खपविण्याचा. प्रतिक्रमणात आपण या अतिचारांची क्षमा मागतो. शब्द प्राकृत आहेत, म्हणण्याची सवय आहे, आणि अर्थाकडे लक्ष जातेच असे नाही. पोत्याच्या तोंडावरचा तो थर म्हणजे प्रतिरूपकच की!

अधिक विचार करता एक गोष्ट ध्यानात आली. ज्या हाताने जन्मात कांदा-बटाट्याला स्पर्श केला नाही, तोच हात पोत्यावर निवडक दाण्याचा थर पसरताना कधी अडखळला नाही. असे का व्हावे? व्रत दोन्हीकडे होते. पण कंदमुळावर घरातील सर्वांची नजर असते, उपाश्रयाची असते, शेजाऱ्यांची असते. तेथे चुकणे लाजिरवाणे वाटते. पोत्यावर कोणाची नजर नव्हती. किंबहुना ज्यांची होती, तेही तेच करीत होते. ज्याची चारचौघांत लाज वाटते तेवढाच संस्कार बळकट राहतो, असे आम्हांस तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

यावरून रीत म्हणजे सदैव चांगली, असे कोणी समजू नये. 'सगळेच करतात' ही देखील एक रीतच आहे. हुंडाही याच वाक्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगला.

एक सोबती

दुसऱ्या दिवसापासून आम्ही वरचा थर बंद केला. पोते जसे असेल तसे उघडे ठेवावयाचे, आणि मागितल्यास लोखंडी नळी पोत्यात खुपसून मधला दाणा काढून दाखवावयाचा. परिणाम असा झाला की, 'शेठ, यंदा माल उतरला का?' असे दुकानदार विचारू लागले. समजावून सांगितले, तर काहींना पटले. काही समोरच्या ओळीत गेले. सहा महिने विक्री कमी राहिली. व्यवहार पाहणारा आमचा मुलगा एक दिवस वही मिटून म्हणाला, 'बाबा, माल तोच आहे, भाव तोच आहे. मग तोटा आपल्या एकट्याचाच का?' त्याला देण्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्याच सुमारास नातीने ॲश यांचा प्रयोग वाचून दाखविला. आम्ही शेजारच्या व्यापाऱ्याकडे गेलो. वीस वर्षे त्यांची आमची स्पर्धा; लग्नकार्याखेरीज एकमेकांकडे जाणे नाही. चहा झाला. आम्ही नातवाची वाटी त्यांना सांगितली. ते काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांच्याही पोत्यांवरचा थर नाहीसा झालेला दिसला. एका दुकानाचा माल साधा दिसतो तेव्हा तो उतरलेला वाटतो. लागून दोन दुकानांचा दिसला की गिऱ्हाईक तिसऱ्याला विचारू लागते, 'तुमचा वरचा दाणा वेगळा का?' आज आमच्या ओळीत अशी दुकाने निम्म्याहून कमीच आहेत. गेलेल्यांपैकी काही गिऱ्हाइके परत आली नाहीत. तरी मुलाने तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही.

दंड की रीत?

ही हकीकत आम्ही मंडळाच्या एका बैठकीत सांगितली, तेव्हा जो असे करील त्यास दंड ठेवावा, अशी सूचना आली. सूचना सद्‌हेतूची होती. तथापि तिच्याविषयी सावधगिरी हवी असे आम्हांस वाटते, आणि त्याचे कारण देतो.

इस्रायलमधील हैफा शहरात 10 बालसंगोपनगृहांत एक प्रयोग झाला. तो 2000 साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यावयास पालक उशिरा येत आणि शिक्षिका खोळंबत. म्हणून सहा ठिकाणी उशिरा येणाऱ्यास दंड ठेवला. उशीर कमी व्हावयाचा तो वाढून जवळजवळ दुप्पट झाला. पूर्वी उशीर झाला की पालकांना संकोच वाटे. दंड आल्यावर ते त्याला उशिराचा भाव समजू लागले आणि भाव देऊन निश्चिंत झाले. पुढे दंड काढून घेतला, तरी गेलेला संकोच परत आला नाही. व्यापाऱ्याला हे समजावयास वेळ लागू नये. ज्या वस्तूचा भाव ठरला ती विकत घेण्यास कोणी लाजत नाही.

मग दंड नेहमीच व्यर्थ काय? तसेही नाही, आणि याचा दाखला आपल्या सुरतेतच आहे. सप्टेंबर 1994 मध्ये येथे प्लेगची साथ आली. लाखो लोक शहर सोडून गेले; जगभर सुरतेची नाचक्की झाली. 1995 साली एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज कचेरीतून बाहेर काढून वस्त्यांत फिरावयास लावले, रात्री रस्ते झाडण्याची व्यवस्था केली, आणि घाण करणाऱ्यास दंड केला तो लहान-मोठा न पाहता केला. दीड-दोन वर्षांत, 1996 मध्ये, 'इंटॅक' या संस्थेने चंदीगडखालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर म्हणून सुरतेची गणना केली. पुढे 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर सुरतेला पहिला क्रमांक मिळाला, त्याची घोषणा जानेवारी 2024 मध्ये झाली.

शहर तेच, माणसेही बहुतेक तीच. पूर्वी कचऱ्याच्या ढिगावर आणखी एक पुडी टाकताना कोणाला काही वाटत नसे. सकाळी झाडलेल्या रस्त्यावर ती टाकताना हात थांबू लागला. दंडाने आरंभ करून दिला असेल. टिकविले ते बदललेल्या रीतीने. आमच्या बमरोलीत 2014 साली सांडपाणी शुद्ध करणारे मोठे केंद्र सुरू झाले, आणि त्यातून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पाणी जाऊ लागले. मैल्याचे म्हणून ज्या पाण्याला पूर्वी कोणी शिवले नसते, ते कारखानदार आज वापरतात. किळस देखील शिकलेली असते आणि ती बदलू शकते, हे यावरून दिसते.

हैफा आणि सुरत यांतील फरक आम्हांस असा दिसतो. हैफात पैसे घेतले आणि बाकी सारे होते तसेच राहिले. सुरतेत जबाबदार माणसे आधी स्वतः रस्त्यावर आली, आणि नियम सर्वांना एकच झाला. आपल्या मंडळाने दंड ठेवावयाचा असेल, तर त्याआधी पदाधिकाऱ्यांनी आपापली पोती उघडून दाखवावीत. त्यानंतर कदाचित दंडाची गरजच उरणार नाही.

सर्वांनी मिळून

एकट्याला जे महाग पडते ते सर्वांनी मिळून केले की स्वस्त पडते, हे सुरतेच्या व्यापाऱ्यांना नवे नाही. सप्टेंबर 1669 मध्ये येथील काझीच्या जुलमाला कंटाळून वाणी व्यापारी शहर सोडून भडोचास निघून गेले. तत्कालीन इंग्रज वखारीच्या पत्रांत त्यांची संख्या 8,000 दिली आहे. बाजार ओस पडला, व्यवहार थांबले, आणि आश्वासन मिळाल्यावर डिसेंबरात मंडळी परतली. एक दुकानदार गेला असता तर त्याचे दुकान दुसऱ्याने घेतले असते. आठ हजार गेले म्हणून सत्तेला ऐकावे लागले. महाजन, संघ, मंडळ या संस्था आपल्या पूर्वजांनी उभ्या केल्या त्यांचे एक कारण हेच होय की, खरे वागणाराला एकटे पडू द्यावयाचे नाही.

म्हणून आमची तीन नम्र मागणी आहेत. पहिली, आपल्या सभासदांनी पोत्याच्या तोंडाशी तोच माल ठेवावा जो तळाशी आहे, आणि ज्यांना हे एकट्याने करण्याचे धाडस होत नाही त्यांनी शेजाऱ्याला बरोबर घ्यावे. दुसरी, दुकानात किंवा घरी मुले असताना वसुलीला आलेल्या माणसाला 'घरी नाहीत म्हणून सांग' असे त्यांच्या तोंडून वदवू नये. मुलाला त्या एका वाक्यात जे शिकविले जाते ते पाठशाळेच्या वर्षभराच्या शिक्षणाने पुसले जात नाही. तिसरी मागणी घरातील भगिनींकडे आहे. दुकानातून आलेल्या मालाचा पहिला ग्राहक म्हणजे घरातील स्वयंपाकघर. घरासाठी वेगळे पोते आणि गिऱ्हाइकासाठी वेगळे पोते, असे दिसल्यास त्यांनी विचारावे. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाची जेवढी लाज वाटते, तेवढी मंडळाच्या ठरावाची वाटत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आमचा नातू आता नऊ वर्षांचा झाला आहे. दुकान-दुकान खेळणे त्याने सोडले. ती वाटी त्याच्या लक्षात आहे की नाही, आम्हांस ठाऊक नाही, आणि आम्ही विचारलेही नाही. शाळेतून आल्यावर तो अजूनही दुकानाच्या पायरीवर येऊन बसतो आणि पाहत राहतो.

लिहिण्याच्या ओघात काही अधिक-उणे झाले असल्यास, कोणाचे मन दुखावले असल्यास, मिच्छामि दुक्कडम्.